विटा सेमेरेंको: वर्गातल्या पोरींना हिच्याबद्दल काय सांगू?

पीटी_सर_खानापूर

नमस्कार मंडळी. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वाटेवर एका मराठी हायस्कूलमध्ये मी पीटी शिकवतो. एनसीसीचं बघणंही माझ्याकडेच आहे. या महिन्याच्या भित्तीपत्रकाला मुलींनी विषय निवडलाय तो युक्रेनची बायथलॉन (बर्फावर स्की आणि रायफलनं नेमबाजी असा जोडखेळ) खेळाडू विटा सेमेरेंको. नाव कुठून आलं म्हणून विचारलं, तर नववीतल्या एका पोरीनं मोबाइलवर तिचा व्हिडिओ बघितला होता. पाठीवर रायफल, पायात स्की, तोंडातून वाफ, आणि मग एकदम आडवं पडून पाच गोळ्या. "सर, आमच्यागत पाचच गोळ्या," म्हणाली.

ही पोरगी आमची एनसीसीची कॅडेट. कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफलनं 25 मीटरवर पाच गोळ्या मारतात, त्यात तिचं ग्रुपिंग इतकं जवळ आलं की हवालदारांनी तो कागद जपून ठेवायला सांगितला. पाचातली चार भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. मी स्वतः नाणं ठेवून बघितलंय.

आता खरी गोष्ट सांगतो, म्हणजे मी हा धागा का काढला ते कळेल. मागच्या हिवाळ्यात एका संस्थेनं गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला होता. हिचंही नाव होतं. घरची गुऱ्हाळाच्या कामाची माणसं, तरी आई-वडील एक दिवसाची मजुरी सोडून आले. आईनं लग्नातली साडी नेसली होती. स्टेजवरून नाव पुकारलं ते भलतंच. कन्नडमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत असं तीनदा फिरून आलेलं, आणि गावही शेजारच्या तालुक्यातलं. पोरगी जागची हलली नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तरी नाही. मीच जाऊन ते स्मृतिचिन्ह घेतलं. खालच्या पट्टीवरही तेच चुकीचं नाव. "सर, हे माझं नव्हं. मी घरी नेत नाही," एवढंच बोलली. ते चिन्ह अजून माझ्या कपाटात आहे, खो-खोच्या चषकाशेजारी.

तर माझे प्रश्न. विटाची कारकीर्द नेमकी कशी झाली? तिच्या देशानं तिला कधी आणि कसं ओळखलं? आणि हा खेळ आमच्या पोरींना, ज्यांनी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर बघितलाय, त्यांना कसा समजावू? मिळालेली माहिती भिंतीवर लागणार आहे. तेव्हा खात्रीचं तेवढंच लिहा, ही विनंती.

---

माजी_सुभेदार_उचगाव

सर, खेळाचं मी सांगतो. पदकांचं दुसरं कुणीतरी सांगेल.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत सव्वीस वर्षं काढली. गुलमर्गला बर्फातला कोर्स केलाय, वरच्या चौक्यांवरही राहिलोय. उचगावचा माणूस, भाताच्या चिखलात वाढलेला. पहिल्यांदा पायाला स्की बांधल्या तेव्हा सरळ उभं राहायलाच दोन दिवस गेले. म्हणून सांगतो, ही पोरगी जे करते ते नुसतं बघून कळायचं नाही.

स्कीवर चढ चढताना हात-पाय दोन्ही चालतात. फायरिंग पॉइंटला येईपर्यंत काळीज मिनिटाला 170-180 ठोके मारत असतं. आपण धावून दमलो की कानात धडधड ऐकू येते, तसंच. त्या धडधडीत 50 मीटरवरच्या पाच काळ्या चकत्या पाडायच्या. आडवं पडून मारताना चकतीचा व्यास 45 मिलिमीटर. सर, हे पोरींना आकड्यात सांगू नका. एक लिंबू आणा. शाळेच्या मैदानात 50 मीटर मोजा आणि दोरीला लिंबू बांधून टांगा. उभ्यानं मारताना चकती 115 मिलिमीटरची, म्हणजे चहाची बशी समजा. मोठी आहे म्हणून सोपी नाही, कारण उभ्यानं रायफलला जमिनीचा आधार नसतो.

आडवं पडल्यावर दंडाला पट्टा अडकवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर रायफल दंडाला टांगली जाते. त्यामुळे वजन पेलतं खरं, पण दंडातली नाडी पट्ट्यातून रायफलीत उतरते. प्रत्येक ठोक्याला नळीचं टोक उडतं. ते मला कळालं तेव्हा आमचे उस्ताद म्हणाले होते, "ठोका थांबवता येत नाही. दोन ठोक्यांच्या मधली जागा शोध." पोरगी श्वास किती धरते ते बघा. फार वेळ धरला की डोळ्यापुढं धुरकट होतं आणि रायफल जास्तच हलते. अर्धा सोडायचा, अर्धा ठेवायचा, आणि ट्रिगर ओढायचा नाही, दाबत न्यायचा.

रायफल पॉइंट टू टूचीच, तुमच्या कॅडेटची आहे त्याच बोअरची. वजन कमीत कमी साडेतीन किलो, आणि ते सगळी शर्यतभर पाठीवर. बहुतेकांकडे जर्मन अँशुट्झ असते. तिचा बोल्ट मुठीनं वर-खाली फिरवावा लागत नाही. बोटानं सरळ मागं, अंगठ्यानं सरळ पुढं. हात गारठलेला असताना ही एवढीशी सोय किती मोठी ते मी जाणतो. गुलमर्गला माझ्या बोटांना ट्रिगर लागलाय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागायचं.

एक चकती चुकली की शिक्षा. स्प्रिंटमध्ये आणि रिलेत 150 मीटरचा जादा फेरा, त्यात वीस-पंचवीस सेकंद जातात. वैयक्तिक लांब शर्यतीत प्रत्येक चुकीला सरळ एक मिनिट वाढतं. रिलेत मात्र पाच गोळ्यांच्या पुढं तीन जादा मिळतात. त्या मॅगझिनमध्ये नसतात, एकेक हातानं भरायच्या. बाकीचे देश निघून चाललेत, बोटं थरथरताहेत, आणि एवढीशी गोळी खोबणीत बसवायची आहे. ज्याला घाई झाली त्याची गोळी बर्फात पडलीच.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर दूर जायला नको. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे आडवं पडून मारायच्या प्रकारात, जागतिक सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभ्यानं) कांस्य घेऊन आला. तेच अंतर, तीच पॉइंट टू टूची गोळी. त्यांचं दहाचं वर्तुळ तर हरभऱ्यापेक्षा थोडंच मोठं असतं, पण तिथं काळीज शांत ठेवायला वेळ मिळतो. बायथलॉनमध्ये तो वेळच काढून घेतलाय. दोन्हीत कोण मोठं हे मी म्हणणार नाही. दोन्ही हातांना मी सलाम करतो.

आणि सर, त्या स्मृतिचिन्हाचं. खडे बाजारात कुणीही पितळी पट्टी कोरून देईल. जुनी काढा, नवी बसवा. एवढं काम आपल्याला करता येतं.

---

वैजयंती_म्युनिक

सर, मी मूळची चिकोडीची, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे बव्हेरियात आहे. इथे रुपोल्डिंग नावाचं गाव आहे, दर जानेवारीत तिथं बायथलॉनचा विश्वचषक होतो. आपल्याकडं यात्रेला लोटते तशी गर्दी. गळ्यात घंटा अडकवून माणसं पहाटेपासून उभी असतात. मी पहिल्यांदा नुसतं बघायला गेले आणि आता दरवर्षी जाते. सुभेदारसाहेबांनी जे लिहिलंय ते मी कठड्यापाशी उभी राहून बघितलंय. खेळाडू रेंजवर शिरते तेव्हा हजारो माणसं गप्प होतात. एक चकती पाडली की सगळं मैदान एका आवाजात ओरडतं, पुन्हा गप्प. पाच वेळा.

आता विटाचं. जन्म 18 जानेवारी 1986, गाव क्रास्नोपिल्ल्या, सुमी प्रांत. रशियाच्या सरहद्दीला लागून असलेला भाग. आणि ती एकटी जन्मली नाही, जुळी बहीण आहे. दोघी एकाच संघात, एकाच खेळात. बहिणीचं नाव वाल्या. (आपल्याला वाल्मीकीची गोष्ट आठवते, पण तिकडं ते मुलीचं लाडाचं नाव.) सर, तुमच्या पोरीची गोष्ट वाचली आणि मला लगेच हे लिहावंसं वाटलं. जगभरच्या निकालपत्रकांत रोमन लिपीत तिचं नाव असं काही छापतात की वाचणारा 'वाल्ज' म्हणतो. जागतिक विजेती झाली तरी पाटीवर तेच.

2008 साली ओस्टरसुंडच्या जागतिक स्पर्धेत रिलेचं रौप्य मिळालं तेव्हा दोघी बहिणी संघात होत्या, बावीस वर्षांच्या. 2011 ला खांती-मान्सिस्कमध्ये विटानं 15 किलोमीटरमध्ये वैयक्तिक कांस्य घेतलं. त्याच स्पर्धेत रिलेचं पदकही मिळालं होतं, पण संघातल्या एका खेळाडूच्या चाचणीत बंदी असलेलं औषध निघालं आणि ते परत गेलं. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्याही हातातून गेलं. हे मुलींना सांगाच, लपवू नका. 2013 ला नोव्हे मेस्टोमध्ये स्प्रिंटला युक्रेनचीच ओलेना पिद्रुश्ना पहिली आणि विटा तिसरी. रिलेत रौप्य, आणि वाल्याला वैयक्तिकमध्ये कांस्य.

मग 2014, रशियातल्या सोचीचं हिवाळी ऑलिम्पिक. 9 फेब्रुवारीला 7.5 किलोमीटरची स्प्रिंट. विटानं दहापैकी दहा चकत्या पाडल्या. स्लोव्हाकियाची कुझमिना पहिली, रशियाची विलुखिना दुसरी, विटा तिसरी. दुसरी आणि तिसरी यांच्यात अंतर 1.8 सेकंद. तुम्ही 'जय महाराष्ट्र' म्हणायला जेवढा वेळ घ्याल तेवढं.

त्या 1.8 सेकंदांची गोष्ट पुढं सहा वर्षं चालली. रशियाच्या डोपिंग प्रकरणात 2017 च्या नोव्हेंबरात ऑलिम्पिक समितीनं विलुखिनाला अपात्र ठरवलं. म्हणजे विटाचं कांस्य रौप्य होण्याची आशा निर्माण झाली. विलुखिना क्रीडा लवादाकडं गेली. 2020 च्या सप्टेंबरात लवादानं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि रौप्य तिच्याकडंच राहिलं. मला विटाबद्दल सगळ्यात जास्त हेच वाटतं. तीन वर्षं एका बाईनं आपलं पदक कोणत्या रंगाचं हे कुणीतरी ठरवेल याची वाट बघितली, आणि त्या काळातही ती शर्यतीत उतरतच होती. तोवर ती आई झाली होती. परत आली, आणि 2019 आणि 2020 या दोन्ही जागतिक स्पर्धांत युक्रेनच्या कांस्य जिंकणाऱ्या रिले संघात होती. 2019 ला ओस्टरसुंडमध्ये वाल्याही सोबत. अकरा वर्षांपूर्वी जिथं दोघींनी पहिलं रौप्य घेतलं तेच गाव.

पण तिचं नाव घराघरांत गेलं ते 21 फेब्रुवारी 2014 ला. चार बाय सहा किलोमीटरची रिले. पहिली विटा, दुसरी युलिया जिमा, तिसरी वाल्या, शेवटची ओलेना पिद्रुश्ना. युक्रेन पहिला, रशिया दुसरा, नॉर्वे तिसरा. (पुढं संघातल्या झायत्सेवाच्या डोपिंगमुळे रशियाच्या संघाचं ते रौप्य गेलं.) हिवाळी ऑलिम्पिकमध्ये युक्रेनचं हे फक्त दुसरं सुवर्ण. पहिलं 1994 साली लिलेहॅमरला फिगर स्केटिंगमध्ये ओक्साना बायुलनं घेतलेलं, मध्ये वीस वर्षं गेली.

आणि दिवस कोणता होता बघा. 18 ते 20 फेब्रुवारी, युक्रेनच्या राजधानीत, कीव्हच्या मैदान चौकात, सरकारविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन माणसं मरत होती. दुसऱ्या दिवशी या चौघी धावल्या. त्यांच्या घरची माणसं तिकडं, त्या रशियात. जिंकल्यावर पत्रकार परिषदेत आधी एक मिनिट सगळे स्तब्ध उभे राहिले, मग बोलणं. मी तेव्हा चिकोडीतच होते, वडिलांबरोबर टीव्हीवर बातम्यांत बघितलं. सोन्याचं पदक मिळालेल्या बायका खाली मान घालून उभ्या आहेत, हे वडिलांना कळेना. "हरल्या काय गे?" म्हणाले.

मान-सन्मानाचं विचारलंत. चौघींतल्या पिद्रुश्नाला त्याच वर्षी युवक आणि क्रीडा खात्याची उपमंत्री केलं, आणि 2018 ला प्याँगचँगच्या उद्घाटनात देशाचा झेंडा तिच्या हातात होता. वाल्या 2015 ला कोन्तिओलाहतीमध्ये मास स्टार्टची (सगळ्या एकदम सुटतात ती शर्यत) जगज्जेती झाली. विटाच्या वाट्याला असं एकही मोठं एकटीचं सुवर्ण नाही. तरी युक्रेनच्या बायथलॉनमध्ये तिचं नाव ज्या आदरानं घेतलं जातं ते मी इथं रेंजवर ऐकलंय. दरवर्षी निळे-पिवळे झेंडे घेऊन येणाऱ्या बायका भेटतात, आता त्यांतल्या बऱ्याच जणी युद्धामुळं इथंच राहिल्यात. एकीला मी विचारलं, तुमची आवडती कोण? तिनं दोन बोटं दाखवली. मला वाटलं दुसरा क्रमांक म्हणतेय. "दोघी सेमेरेंको," म्हणाली.

युद्धाचं थोडक्यात लिहिते. 2022 च्या मार्चमध्ये कोन्तिओलाहतीच्या विश्वचषकात युक्रेनचा संघ उतरलाच नाही. 2019 चा जागतिक विजेता द्मित्रो पिद्रुच्नी गणवेश घालून नॅशनल गार्डमध्ये गेला. येव्हेन मालिशेव, 2020 च्या युवा ऑलिम्पिकमध्ये खेळलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, खारकीव्हजवळ मारला गेला. आणि क्रास्नोपिल्ल्या, या दोघी बहिणींचं गाव, सरहद्दीवर असल्यानं तोफांच्या टप्प्यात आलं. नकाशा काढून मुलींना दाखवा. बोट ठेवलं की सरहद्द नखाखाली येते.

---

निपाणीकर_आप्पा

दोन गोष्टी.

पहिली, सुमीची सरहद्द आणि आपला सीमाभाग याची तुलना मुलींपुढं करू नका. मला माहीत आहे, भित्तीपत्रकात कुणीतरी ते लिहीलच. आपलं दुखणं खरं आहे. 1956 पासून तीन पिढ्या 1 नोव्हेंबरला काळ्या फिती लावतात, माझे आजोबा त्यासाठी तुरुंगात गेले. पण आपण संध्याकाळी चंदगडला लग्नाला जातो आणि रात्री घरी येऊन झोपतो. त्यांच्याकडं पोक्रोव्का-कोलोतिलोवका नावाची वाट होती, क्रास्नोपिल्ल्याच्याच भागात. युद्ध सुरू झाल्यावर रशियाच्या बाजूनं घरी परतणारी म्हातारी माणसं, बायका-पोरं तिथून पायी येत होती. 2024 च्या ऑगस्टात तीही बंद झाली. त्याला आपली कोगनोळीची वाट म्हणणं बरं नव्हे.

दुसरी गोष्ट मात्र आपलीच आहे. सर, तुमच्या पोरीनं उद्या राज्यात पदक घेतलं तर कुठल्या राज्यात? ती खेळणार कर्नाटकाकडून. तिला एकलव्य पुरस्कार मिळू शकतो, शिवछत्रपती पुरस्कार महाराष्ट्राकडून खेळणाऱ्यांचा. मी स्वतः कुस्ती केली. गंगावेसला आणि मोतीबागेत घाम गाळला. कोल्हापुरात माझी ओळख 'बेळगावकडचा', बेंगळुरात 'मराठी पोरगा'. पण एक सांगतो, निपाणीत माझ्या गल्लीत मला कुणी दोन्ही म्हणत नव्हतं. नावानं हाक मारायचे. म्हातारी दूधवाली सुद्धा.

म्हणून मला ते नाव चुकल्याचं फार लागलं. आमच्या जिल्ह्याचंच नाव 2014 च्या 1 नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं, त्यावर आम्ही एवढी वर्षं भांडतोय. आणि आमच्यातलीच माणसं स्टेजवर उभी राहून एका मजुराच्या पोरीचं नाव नीट विचारून घेत नाहीत. कन्नडची चूक, इंग्रजीची चूक म्हणून सोडून देऊ नका. पुकारणाऱ्यानं आधी पोरीजवळ जाऊन "बाळ, तुझं नाव काय?" एवढं विचारायला हवं होतं.

---

माजी_सुभेदार_उचगाव

आप्पांशी सहमत. एक भर घालतो. पलटणीत दरबार भरतो तेव्हा जवानाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं साहेब बिनचूक घेतात. आदल्या रात्री कारकून पाठ करून घेतो. माझं 'उचगाव' पहिल्यांदा एका मद्रासी साहेबाच्या तोंडून नीट ऐकलं तेव्हा छाती फुगली होती. मेडल नव्हतं, नुसता दरबार होता.

वैजयंतीताई, रिलेत विटानं थेट बहिणीकडं दिलं नाही, मध्ये जिमा होती, हे माझ्या लक्षात आलं. रिलेत काठी नसते, पाठीला हातानं स्पर्श करून पुढच्याला सोडतात, बरोबर ना?

---

वैजयंती_म्युनिक

हो सुभेदारसाहेब, स्पर्शच. मागून येणारी पूर्ण दमलेली असते, कधी कधी पाठीवर हात ठेवता ठेवता तिथंच कोसळते. विटाचा हात जिमाच्या पाठीवर, जिमाचा वाल्याच्या, वाल्याचा पिद्रुश्नाच्या. व्हिडिओत ते हात मुलींना जरूर दाखवा.

आणि सर, एक राहिलं. स्वतंत्र युक्रेनचं अगदी पहिलं ऑलिम्पिक पदक याच खेळातलं आहे. 1994, लिलेहॅमर, वालेंतिना त्सेर्बे, हीच 7.5 किलोमीटर स्प्रिंट, कांस्य. सुवर्णापासून 1.2 सेकंद दूर. दोन दिवसांनी बायुलनं सोनं घेतलं आणि जगाला तेच आठवतं. भित्तीपत्रकात एका कोपऱ्यात हिलाही जागा द्या.

---

पीटी_सर_खानापूर

मंडळी, उत्तर द्यायला आठवडा लागला. इकडं पाऊस लागून राहिलाय, दोन दिवस लाइट नव्हती.

तुमचं सगळं मी वर्गात वाचून दाखवलं. आप्पा, तुमची पहिली गोष्ट वाचली तेव्हा एका पोरीनं आधीच लिहिलेली ओळ गुपचूप खोडली. मी बघितलं, काही बोललो नाही.

पाऊस उघडला तेव्हा मैदानात 50 मीटर टेपनं मोजले आणि फणसाच्या झाडाला लिंबू टांगलं. एकेक पोरगी रेघेवर आडवी पडून डोळा बारीक करून बघायची. निम्म्या जणींना ते दिसेचना. मग मैदानाला पळत दोन फेऱ्या घालून पुन्हा पडायला लावलं, हातात खराट्याचा दांडा. दांड्याचं टोक नाडीबरोबर उडतंय हे त्यांना स्वतःला दिसलं. आमची कॅडेट सगळ्यात शेवटी पडली. बराच वेळ हलली नाही. मी म्हटलं, काय झालं? "सर, मधली जागा शोधालोय," म्हणाली. (आमच्याकडं पोरी 'शोधालोय' असंच म्हणतात, भित्तीपत्रकात मी ते बदललं नाही.)

भित्तीपत्रक असं झालंय. मधोमध चार हात, एकमेकींच्या पाठीवर, रंगीत खडूनं. डाव्या बाजूला नकाशा. वर कोपऱ्यात त्सेर्बे, वैजयंतीताई. खाली विटाची कारकीर्द, त्यात 2011 चं परत गेलेलं पदकही आहे. 1.8 सेकंदांवर मुलींची भांडणं झाली. काहींच्या मते विटाला रौप्य मिळायलाच पाहिजे होतं, काहींच्या मते निकाल लागला म्हणजे लागला. दोन्ही मतं नावानिशी लावलीत. वाल्याचं नाव कॅडेटनं स्वतः लिहिलं, देवनागरीत, आणि शेजारी युक्रेनी लिपीत, अक्षर-अक्षर बघून. तिसऱ्यांदा जमलं. पहिले दोन कागद फाडून टाकले.

सुभेदारसाहेब, मी परवा बेळगावला ऑफिसच्या कामाला आलो होतो, खडे बाजारात पट्टी टाकून आलो. दुकानदारानं वहीत नाव लिहायला सांगितलं, तेव्हा मी तिचं नाव, वडिलांचं, आडनाव, गाव, तालुका असं सगळं लिहिलं. तो म्हणाला एवढं मावणार नाही, अक्षर बारीक करावं लागेल. म्हटलं करा. शनिवारी मिळणार आहे.

वैजयंतीताई, एक विचारायचं राहिलं. क्रास्नोपिल्ल्यातला 'ल्ल' जोडून म्हणायचा की सुटा? सोमवारी परिपाठात कॅडेट वाचणार आहे. तिनं स्वतः विचारायला सांगितलंय.

---

वैजयंती_म्युनिक

जोडून, सर. आपल्या 'येळ्ळूर'मध्ये जसा जोर येतो तसा 'ल्ल'वर थोडा थांबून. क्रास-नो-पिल्-ल्या. तिला म्हणावं, दोनदा मोठ्यानं म्हण, म्हणजे बसेल.